परदेशी प्राध्यापकी : पहिल्या पगारापूर्वीचा जमाखर्च

परदेशातील एखाद्या विद्यापीठाने अध्यापक म्हणून नेमणूक केल्याचे पत्र आले की मराठी मध्यमवर्गीय घरात पेढे वाटले जातात, महाविद्यालयाच्या शिक्षक-कक्षात सत्काराची तयारी सुरू होते आणि गावच्या वृत्तपत्रात छायाचित्रासह चौकट छापून येते. पत्रातला वार्षिक वेतनाचा आकडा पौंडांत, डॉलरांत किंवा युरोत असतो. घरातला प्रत्येक जण, अगदी नववीतला मुलगासुद्धा, त्याला चालू विनिमयदराने गुणून पाहतो आणि उत्तर ऐकून सारे घर क्षणभर स्तब्ध होते. गुणाकाराचा हा आनंद कोणी हिरावून घेऊ नये. परंतु त्यानंतर जी लांबलचक वजाबाकी करावयाची असते ती बहुतेक घरांत व्हिसाचा अर्ज भरण्याच्या दिवसापर्यंत कोणी करीत नाही. आणि तोपर्यंत होकाराचे पत्र जाऊन महिना उलटलेला असतो.

वजाबाकी होकारापूर्वीच व्हावयास हवी, याचे कारण अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजेल असे आहे. विद्यापीठाने उमेदवार निवडला आणि उमेदवाराने अद्याप होकार दिलेला नाही, या दोन घटनांमधील आठ-दहा दिवसांतच त्याची सौदाशक्ती सर्वाधिक असते. त्या दिवसांत विचारलेल्या प्रश्नाला आस्थापना विभाग तत्परतेने उत्तर देतो. सही झाल्यावर त्याच प्रश्नाला छापील नियमावलीचे पान जोडून पाठविले जाते. परदेशगमनाची तयारी म्हणजे लोकरी कपडे, लोणच्याच्या बरण्या आणि सामानाचे वजन, अशी जी समजूत आहे ती म्हणूनच अपुरी आहे. खरी तयारी कागद आणि पेन्सिल घेऊन करावयाची असते.

ही अडचण आजची नाही. धर्मानंद कोसंबी १९१० साली ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठात गेले आणि पुढे १९१८ मध्ये पुन्हा गेले तेव्हा मुलगा दामोदर यालाही घेऊन गेले. दीर्घ मुदतीचे विद्वत्तेचे काम आणि मुलांचे शिक्षण यांची सांगड घालण्याचा प्रश्न त्यांच्यापुढेही उभा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. त्यांचे ग्रंथ ज्या जहाजावर होते ते युद्धात बुडविले गेले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राची प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांच्याकडील कर्ज यांची जोड दिली आणि १९२० मध्ये ते लंडनला परत गेले. विद्वत्ता असणे आणि ती परदेशात नेता येण्याइतके पैसे हाताशी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या इतिहासावरून दिसते. साठीच्या दशकात आठ डॉलर खिशात घालून विमानात बसलेल्यांच्या कथा घरोघरी सांगितल्या जातात. त्या काळी परकीय चलन मिळत नव्हते, ही अडचण होती. आज रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येते. अडचण आता चलनाची राहिलेली नसून रुपयांची आहे.

सव्वीस लाखांचे प्रवेशशुल्क

ब्रिटनचे उदाहरण घेणे सोयीचे आहे, कारण तेथील सर्व दर सरकारच जाहीर करते. भारतीय अध्यापक तेथे सामान्यतः ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसावर जातो. एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेल्या दरपत्रकानुसार तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या अशा व्हिसाचे शुल्क माणशी १,५१९ पौंड होते, आणि ते पत्नी व मुलांनाही तेवढेच लागू होते. याखेरीज आरोग्य अधिभार नावाची दुसरी रक्कम असते. हा अधिभार एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाला तेव्हा वर्षाला २०० पौंड होता. तो २०१९ मध्ये ४००, २०२० मध्ये ६२४ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये १,०३५ पौंड झाला. मुलांसाठी ७७६ पौंड. नऊ वर्षांत पाचपटीहून अधिक वाढ! आणि तो दरवर्षी भरावयाचा नसतो. व्हिसाच्या संपूर्ण मुदतीची रक्कम अर्जासोबतच एकदम भरावी लागते.

पती, पत्नी आणि दोन मुले असे कुटुंब पाच वर्षांच्या व्हिसावर निघाले असे समजू. दोघा प्रौढांचा अधिभार १०,३५० पौंड, मुलांचा ७,७६० पौंड, चौघांचे व्हिसाशुल्क ६,०७६ पौंड. एकूण २४,१८६ पौंड. पौंडाला ११० रुपये असा बेताचा दर धरला तरी ही रक्कम २६ लाख ६० हजार रुपयांच्या घरात जाते. भारतात सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे प्रारंभीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. म्हणजे ४६ महिन्यांचे मूळ वेतन, एक पैसाही खर्च न करता, बाजूला ठेवले तर हे प्रवेशशुल्क भरता येईल. महाराष्ट्रात वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबणारे जे पीएच्.डी. धारक परदेशी जागांसाठी अर्ज करतात, त्यांनी हा हिशेब कोणत्या तोंडाने करावा? ज्याच्याजवळ वडिलांचा फ्लॅट किंवा सासऱ्यांची मुदतठेव आहे तो जातो. ज्याच्याजवळ फक्त प्रबंध आहे तो कर्ज काढतो, किंवा कुटुंब मागे ठेवून एकटा जातो.

या अधिभारामागील तर्कही तपासून पाहण्याजोगा आहे. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा मुख्यतः सर्वसाधारण करांतून चालते. नोकरीसाठी आलेला परकीय अध्यापक पहिल्या महिन्यापासून आयकर भरतो आणि राष्ट्रीय विम्याची वर्गणीही देतो. म्हणजे ज्या दवाखान्याचा खर्च तो शेजारच्या इंग्रज सहकाऱ्याइतकाच करांतून उचलतो, त्याच दवाखान्याच्या दारात त्याने निराळे तिकीटही काढावयाचे. यास शुल्क म्हणण्यापेक्षा प्रवेशकर म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल. जगभरातील बुद्धिमत्ता आपल्याकडे यावी अशी घोषणा विद्यापीठे करतात आणि त्या बुद्धिमत्तेने दारातच किती मोजावे हे गृहखाते ठरविते. या दोघांमध्ये ताळमेळ नाही, आणि नसल्याचा भुर्दंड उमेदवाराच्या घरावर पडतो.

जर्मनीशी तुलना केली म्हणजे ही व्यवस्था अपरिहार्य नाही हे ध्यानात येते. तेथील दीर्घ मुदतीच्या व्हिसाचे शुल्क ७५ युरो आहे. सार्वजनिक आरोग्य विम्याची वर्गणी पगारातून, मालकाच्या हिश्शासह, महिन्याच्या महिन्याला कापली जाते आणि कमाई नसलेली पत्नी व मुले त्याच विम्यात जादा वर्गणीविना सामावली जातात. जर्मनीची कटकट वेगळी आहे. घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत नोंद करावी लागते, त्यासाठी घरमालकाची लेखी पावती लागते आणि या नोंदीवाचून पुढची कामे अडतात. शिवाय भाड्याच्या घरात पुष्कळदा स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि पाण्याचा नळ, एवढेच असते. अमेरिकेत याच्या अगदी उलट टोकाचा प्रकार घडला. १९ सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेने देशाबाहेरील उमेदवारासाठी केलेल्या नव्या एच-१बी अर्जावर मालकाकडून एक लाख डॉलर मागण्यात आले. त्या व्हिसांच्या वार्षिक मर्यादेतून विद्यापीठे आधीपासून वगळलेली होती. या रकमेतून मात्र त्यांना तशी सरसकट सूट दिली गेली नाही. तेव्हा कोणत्या देशात जावयाचे हा प्रश्न केवळ ग्रंथालयांच्या श्रीमंतीवर सोडविता येत नाही.

निव्वळ वेतन आणि छपराचा प्रश्न

आता वेतनाकडे वळू. ब्रिटनमधील व्याख्यात्याला वर्षाला ४४,००० पौंड देऊ केले आहेत असे धरा. जुन्या विद्यापीठांतील निवृत्तिवेतन योजनेत जानेवारी २०२४ पासून कर्मचाऱ्याची वर्गणी ६.१ टक्के आहे. ती गेली २,६८४ पौंड. पहिल्या १२,५७० पौंडांवर कर नाही, त्यापुढील उत्पन्नावर वीस टक्के. तो सुमारे ५,७५० पौंड. राष्ट्रीय विम्याचे आठ टक्के, म्हणजे सुमारे २,५१० पौंड. हातात उरतात ३३,००० पौंडांच्या आसपास, महिन्याला अंदाजे २,७५० पौंड. म्हणजे वर सांगितलेली २४,१८६ पौंडांची रक्कम ही जवळजवळ नऊ महिन्यांची निव्वळ कमाई झाली.

नेमणूक तीन वर्षांचीच असेल, आणि संशोधन प्रकल्पांवरील नेमणुका बहुधा तशाच असतात, तर हिशेब थोडा हलका होतो. तीन वर्षांपर्यंतच्या व्हिसाचे शुल्क त्याच दरपत्रकात ७६९ पौंड होते. चौघांचे सारे मिळून १३,९४२ पौंड होतात. पण घरभाड्याला १,२०० पौंड दिल्यावर चौघांचा संसार उरलेल्या दीड हजारांत चालवायचा, त्यातून नगरपालिकेचा कर, हिवाळ्यातील गॅस-वीज, बसभाडे भागवायचे आणि तरीही महिन्याला ३०० पौंड शिल्लक टाकायचे असे ठरविले, तर ही रक्कम भरून निघण्यास ४६ महिने लागतात. नेमणूक मात्र ३६ महिन्यांची! दोघांपैकी एकाच्याच पगारावर कुटुंबासह केलेली तीन वर्षांची वारी आर्थिकदृष्ट्या तोट्याची ठरू शकते, हे घरात पेढे वाटण्यापूर्वी सांगितलेले बरे. ती वारी करू नये असा याचा अर्थ नाही. ग्रंथालय, सहकारी आणि संशोधनाला लाभलेला निवांतपणा यांचे मोल पौंडांत होत नाही. परंतु त्यासाठी आपण काय मोजीत आहोत हे ठाऊक असावे.

म्हणून पहिला प्रश्न विद्यापीठाला असा विचारावा : व्हिसाशुल्क आणि अधिभार यांतील किती भाग आपण देणार? केवळ कर्मचाऱ्याचा, की कुटुंबाचाही? काही विद्यापीठे पूर्ण रक्कम देतात, काही फक्त उमेदवाराची देतात, काही बिनव्याजी कर्ज देऊन पगारातून हप्त्याने कापून घेतात, आणि काही विचारल्यावाचून काहीच सांगत नाहीत. देण्याची पद्धतही विचारावी. पावती दाखविल्यावर तीन महिन्यांनी मिळणारी भरपाई आणि आधी मिळणारा पैसा यांत, बँकेचे कर्ज काढणाऱ्याच्या दृष्टीने, जमीन-अस्मानाचे अंतर आहे. नेमणूक लवकर संपली किंवा स्वतःहून सोडली तर यातील किती परत करावे लागेल, हेही तेव्हाच विचारावे. दुसरे असे की, ‘ग्लोबल टॅलेंट’ नावाचा आणखी एक मार्ग अध्यापक-संशोधकांना खुला आहे. त्यात एकाच मालकाशी बांधून घ्यावे लागत नाही आणि एक ते पाच वर्षांपैकी मुदत स्वतः निवडता येत असल्याने अधिभार टप्प्याटप्प्याने भरता येतो. आपली जागा त्यात बसते काय, हे आस्थापना विभागाने आपण होऊन सांगण्याची वाट पाहू नये.

घर मिळविणे हा दुसरा कठीण प्रसंग. इंग्लंडमध्ये सर्वसाधारण भाड्याच्या घरासाठी अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, असे २०१९ चा कायदा सांगतो. १,२०० पौंड भाड्याच्या घराला ती सुमारे १,३८५ पौंड होते. पहिल्या महिन्याचे भाडे मिळवून अडीच हजारांवर रक्कम किल्ली हाती पडण्यापूर्वी लागते. ब्रिटनमध्ये पतीचा इतिहास नसलेल्या परकीयाकडून घरमालक सहा-सहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागत आले आहेत. २०२५ च्या नव्या भाडेकरू कायद्याने १ मे २०२६ पासून एका महिन्याहून अधिक आगाऊ भाडे मागण्यास मनाई केली. तरी जामीन राहणारा स्थानिक माणूस मागितला जातोच. हा जामीन विद्यापीठ राहील काय, आणि पहिले एक-दोन महिने विद्यापीठाच्या निवासात जागा मिळेल काय, हे दोन प्रश्न पत्रात अवश्य घालावेत. बँक पत्त्याचा पुरावा मागते, घरमालक बँकेचा कागद मागतो आणि शाळा पुन्हा पत्ताच मागते. हे चक्र विद्यापीठाच्या एका निवासपत्राने सुटते.

नावात काय आहे?

कागदपत्रांच्या बाबतीत मराठी माणसाची एक खास अडचण आहे आणि तिचा उल्लेख परदेशी विद्यापीठांच्या कोणत्याही माहितीपुस्तिकेत सापडणार नाही. ती म्हणजे त्याचे नाव. शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रावर आडनाव प्रथम, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. आईचे नाव वेगळ्या रकान्यात. पदवीच्या प्रमाणपत्रावर क्रम निराळा. पारपत्रावर आडनाव एका ओळीत आणि स्वतःचे व वडिलांचे नाव मिळून दुसऱ्या ओळीत. शोधनिबंधांवर दोन आद्याक्षरे आणि आडनाव. परदेशी विद्यापीठाचा संगणक हे तीन-चार वेगवेगळे गृहस्थ आहेत असे समजतो. वेतनपत्रकावर पुष्कळदा वडिलांच्या नावानेच चिरंजीवांना हाक मारली जाते. विवाहित स्त्रियांची स्थिती याहून बिकट असते. पदवी माहेरच्या नावाने, नोकरी सासरच्या नावाने, आणि जुन्या रीतीप्रमाणे लग्नात पहिले नावही बदलले असेल तर ‘ही तीच व्यक्ती’ हे सिद्ध करण्यासाठी राजपत्रातील नोंद, प्रतिज्ञापत्र आणि विवाहनोंदणीचे प्रमाणपत्र एवढा जामानिमा लागतो. अनेक जोडप्यांनी लग्नाची नोंदणी केलेलीच नसते. कार्यालयाची पावती आणि छायाचित्रांचा अल्बम व्हिसा अधिकाऱ्याला चालत नाही. मुलाच्या जन्माचा दाखला ग्रामपंचायतीचा आणि केवळ मराठीत असेल तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते.

ही सर्व कामे नेमणूकपत्राची वाट न पाहता, अर्ज करण्यास प्रारंभ केला त्याच दिवशी हाती घेण्याजोगी आहेत, कारण त्यांना पैसा थोडा आणि वेळ फार लागतो. उलट बाजूने वेळापत्रक फारच आवळलेले असते. विद्यापीठाने दिलेले प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र तीन महिन्यांत वापरावे लागते, आणि रुजू होण्याच्या तारखेपूर्वी तीन महिन्यांच्या आत व्हिसाचा अर्ज करता येतो. भारतातून सहा महिन्यांहून अधिक काळासाठी जाणाऱ्यास मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोगाच्या तपासणीचा दाखला घ्यावा लागतो. त्याची मुदत सहा महिने. काही संवेदनशील विज्ञान व तंत्रज्ञान विषयांच्या भारतीय संशोधकांना मे २०२१ पासून वेगळी सरकारी मंजुरीही लागते आणि ती येईपर्यंत व्हिसाचा अर्जच करता येत नाही. इकडे महाविद्यालयात राजीनाम्याची पूर्वसूचना अनेक ठिकाणी तीन महिन्यांची. जूनमध्ये पत्र आले आणि १ सप्टेंबरला रुजू व्हावयाचे असेल, तर या सगळ्या मुदती एकमेकींच्या अंगावर येतात. रुजू होण्याची तारीख पुढे ढकलून मागणे यात कमीपणा नाही. विद्यापीठांना ते नवीन नसते.

तारखेचा संबंध आयकराशीही आहे, आणि तो बहुतेकांच्या लक्षातून निसटतो. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला असेल तर तो त्या वर्षापुरता अनिवासी ठरतो आणि परदेशातील पगारावर भारतात कर लागत नाही. १ एप्रिलपासून मोजल्यास २८ सप्टेंबरला १८१ दिवस भरतात. म्हणजे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निघणारा आणि दिवाळी करून निघणारा यांच्या करात फरक पडतो. दुसऱ्यास परदेशी पगार भारतीय विवरणपत्रात दाखवून तेथे भरलेल्या कराची वजावट मागत बसावे लागते. भारताच्या ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांशी असलेल्या करविषयक करारांत दोन वर्षांपर्यंतच्या अध्यापकीय भेटीसाठी सवलतीचे कलम आहे, मात्र अधिक काळाच्या नेमणुकीवर जाणाऱ्याने त्याच्या भरवशावर राहू नये. राष्ट्रीय विम्याची वर्गणी ही आणखी एक गोम. ब्रिटनचे सरकारी निवृत्तिवेतन मिळण्यास किमान दहा वर्षांची वर्गणी लागते. तीन वर्षांनी परतणाऱ्याचे पैसे तेथेच राहतात. भारत-ब्रिटन व्यापार करारावर जुलै २०२५ मध्ये सह्या झाल्या तेव्हा दुहेरी वर्गणीतून सुटका होणार असे मथळे झळकले. ती तरतूद भारतीय मालकाने तात्पुरते पाठविलेल्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. ब्रिटिश विद्यापीठाने थेट नेमलेल्या अध्यापकाला तिचा उपयोग नाही.

निघण्यापूर्वी बचत खाते अनिवासी सामान्य खात्यात बदलून घ्यावे. भविष्यनिर्वाह निधीचे सार्वजनिक खाते मुदतीपर्यंत चालू ठेवता येते, नवे मात्र उघडता येत नाही. घर भाड्याने देऊन जाणाऱ्याने भाडेकरूला हेही सांगावे की अनिवासी मालकास भाडे देताना उगमस्थानी कर कापणे त्याच्यावर बंधनकारक आहे. वृद्ध आईवडिलांपैकी एकाच्या किंवा भावाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवावे. ते फक्त कामापुरते करावे. सरसकट कुलमुखत्यारपत्राने भावाभावांत काय होते हे दिवाणी न्यायालयांतील कारकुनांना विचारावे.

जोडीदाराचा प्रश्न या सर्वांत शेवटी विचारला जातो, वस्तुतः तो पहिला आहे. वरच्या हिशेबात तूट येते ती एका पगारामुळे. ब्रिटनमध्ये अशा व्हिसाधारकाच्या पत्नीला किंवा पतीला नोकरीची मुभा असते. इंग्लंडने २०२३ पासून भारतासह काही देशांतील गणित, विज्ञान व भाषा शिकविणाऱ्या शिक्षकांना तेथील शिक्षक-पात्रतेसाठी अर्ज करण्याची सोय केली आहे. महाराष्ट्रातील माध्यमिक शाळेत दहा वर्षे गणित शिकविलेल्या बाईंना ही माहिती नसेल, तर त्या तेथे जाऊन वर्षभर घरी बसतात आणि मग दुकानात गल्ल्यावर उभ्या राहतात. सेवापुस्तकाची प्रत, अनुभवाचा दाखला आणि बी.एड्.ची गुणपत्रके त्यांनीही सोबत घ्यावीत. मुलांना सरकारी शाळेत शुल्क नसते. पण नववी-दहावीतल्या मुलाला मध्येच उचलून नेणे हे भाषा, अभ्यासक्रम आणि मैत्र या तिन्ही दृष्टींनी महाग पडते. अशा घरांनी एका वर्षाच्या ताटातुटीचा विचार जरूर करावा.

अध्यापनाची तयारी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एक गोष्ट मात्र येथे सांगावयास हवी. आपल्याकडे साठ टक्क्यांना प्रथम श्रेणी. ब्रिटनमध्ये ती सत्तरापासून सुरू होते आणि ऐंशीच्या पुढचे गुण विरळा. पहिल्या सत्रात उत्तरपत्रिका आपल्या मापाने तपासल्या तर पुनर्तपासणी करणारा सहकारी भुवया उंचावतो. आणि विद्यार्थी ‘सर’ न म्हणता पहिल्या नावाने हाक मारतात तेव्हा तो उद्धटपणा नसतो, हे मनाला आधीच बजावून ठेवलेले बरे.

एवढे सारे विचारणे आपल्या अध्यापकाला जड जाते. पैशाची भाषा शिक्षकाला शोभत नाही, ज्याने बोलाविले त्याच्याकडे घरभाड्याची चौकशी करणे म्हणजे आपला हलकेपणा दाखविणे, असे संस्कार खोलवर गेलेले आहेत. आणि जास्त विचारले तर पत्र मागे घेतील ही धास्तीही असते. ऑस्ट्रेलिया किंवा हॉलंडमधून येणारा उमेदवार हेच प्रश्न पहिल्या भेटीत विचारतो आणि त्यात कोणालाही गैर वाटत नाही. त्याला सवलत मिळते, भारतीय उमेदवार आभाराचे पत्र पाठवून मोकळा होतो. आणि मग एकाच विभागात, एकाच वेतनश्रेणीत काम करणाऱ्या दोघांपैकी एकजण तीन वर्षे कर्ज फेडीत राहतो.

राहता राहिली येथील महाविद्यालये. रजेवर जाणाऱ्या अध्यापकाचा धारणाधिकार किती वर्षे राहील, बिनपगारी रजेचा काळ वेतनवाढीस धरला जाईल किंवा नाही, सेवाखंड मानला जाणार काय, १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नेमणूक झालेल्यांच्या जुन्या निवृत्तिवेतनावर त्याचा परिणाम काय, यांची उत्तरे प्राचार्य तोंडी देतात आणि प्राचार्य बदलले की उत्तरेही बदलतात. संस्थेच्या व्यवस्थापनाचा ठराव आणि विद्यापीठाचे ना हरकत पत्र, दोन्ही जावक क्रमांकासह हाती घेतल्यावाचून विमानाचे तिकीट काढू नये. परत आल्यावर रुजू करून घेताना कार्यालयातील कारकून प्रथम मागतो तो हाच कागद, आणि त्याची मूळ प्रत तोपर्यंत महाविद्यालयाच्या फाइलीत सापडेलच याची शाश्वती तो स्वतःही देत नाही.